‘ऑर्डर’ : रांग, पायरी आणि हुकूम

गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीचा इतिहासाचा तास चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, इंग्रजीच्या बाई सांगतात ‘ऑर्डर’ म्हणजे क्रम. नागरिकशास्त्रात ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणजे कायदा आणि सुव्यवस्था. आमच्या बाबांच्या बदलीचीसुद्धा ऑर्डरच येते. मग खरा अर्थ कोणता?” मी तिला सांगितले की, तिन्ही अर्थ खरे आहेत. तास संपला. परंतु उत्तर देऊन माझेच समाधान झाले नाही. एकाच शब्दात रांग, सुव्यवस्था आणि हुकूम एकत्र नांदतात, ते कोणत्या वाटेने तेथे आले? आणि ज्यांना शतकानुशतके रांगेबाहेर उभे केले गेले, त्या आपल्या समाजाच्या इतिहासाशी या शब्दाचा काही संबंध पोहोचतो काय? स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले. हा लेख त्या विद्यार्थिनीला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे.

शब्दाचा उगम लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘ऑर्दो’ म्हणजे ओळ. त्याचा सर्वांत जुना अर्थ मागावर ओळीने लावलेले धागे असा मानला जातो. त्याच कुळातील ‘ऑर्दिरी’ या क्रियापदाचा अर्थ विणावयास आरंभ करणे, आणि त्यावरून कोणत्याही कामास आरंभ करणे. आपल्या तुळजापूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या सोलापुरात ज्यांनी हातमाग पाहिला असेल त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आडवा धागा धोट्यातून फिरण्यापूर्वी उभे धागे एकाशेजारी एक, न गुंतता, सारख्या ताणाने लावून घ्यावे लागतात. ही ओळ चुकली तर पुढचे सारे वस्त्र बिघडते. रोमन लोकांना व्यवस्थेची कल्पना सुचली ती बहुधा या साध्या कामावरून. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागावरील ओळीत पहिला धागा श्रेष्ठ आणि शेवटचा धागा कनिष्ठ असे काही नसते. सर्व धागे सारखेच ताणलेले असतात.

या मुळातून फुटलेल्या फांद्या आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. एस.टी.ची ‘ऑर्डिनरी’ गाडी म्हणजे नेहमीच्या क्रमातली, साधी गाडी. विधिमंडळाचे अधिवेशन नसताना निघतो तो ‘ऑर्डिनन्स’, म्हणजे अध्यादेश. अंबरनाथ येथील कारखान्याच्या नावातील ‘ऑर्डनन्स’ हे त्याच शब्दाचे एक बदललेले रूप. ‘सबॉर्डिनेट’ म्हणजे ओळीत खालचा, ‘को-ऑर्डिनेटर’ म्हणजे सर्वांना एका ओळीत आणणारा. साहेबाच्या दारात उभा राहणारा ‘ऑर्डर्ली’ हिंदी-उर्दूत ‘अर्दली’ झाला.

शब्दाचा प्रवास मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॅटिनमधून तो फ्रेंच भाषेत आणि तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. इंग्रजीत येताना त्याचा पहिला अर्थ होता नियमाने बांधलेला धर्मसंघ. श्रेणी, क्रम, मांडणी हे अर्थ त्याच्या आगेमागे रुजले. हुकूम हा अर्थ रूढ झाला सोळाव्या शतकात, म्हणजे तो या कुटुंबातला बराच धाकटा. आपल्याकडे नेमके उलट घडले. इंग्रज आले ते राज्यकर्ते म्हणून. त्यामुळे सामान्य मराठी माणसाच्या कानावर हा शब्द पडला तो कचेरीतील आणि पलटणीतील ‘आर्डर’ म्हणून. आपल्या मराठवाड्यात तर 1948 च्या 17 सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते, तेव्हा येथे ‘हुकूम’ आणि ‘फर्मान’ हेच शब्द चालत. पुढे आर्डर आली, तीही हुकमाच्याच गादीवर बसली. ज्याला शब्दाचा शेवटचा अर्थ आधी भेटतो, त्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की व्यवस्था म्हणजे वरून आलेली आज्ञा. मला हा शब्द उलगडून पाहावासा वाटला त्याचे हेही एक कारण.

आता रोमकडे वळू. मागावरची ओळ समाजाला लावली गेली ती तेथे. रोमन समाजातील वरिष्ठ थरांना ‘ऑर्दो’ हेच नाव होते. सिनेटरांचा ऑर्दो, त्याखाली अश्वारोही सरदारांचा ऑर्दो. इ.स.पू. 67 मध्ये रोममध्ये एक कायदा झाला. त्याने नाट्यगृहातील पहिल्या 14 ओळी अश्वारोही वर्गासाठी राखून ठेवल्या. सिनेटर त्यांच्याही पुढे, रंगभूमीलगत बसत. समाजातील पायरी आणि बसावयाची रांग यांना एकच शब्द का, हे या कायद्यावरून स्पष्ट दिसते. परंतु या रांगेत पुढे सरकता येत असे. अश्वारोही वर्गात येण्यासाठी 4 लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. म्हणजे रांग पैशाची होती. पैशाची रांग न्याय्य असते असे मी म्हणणार नाही. आपल्याच गावात नवरात्रात मोफत दर्शनाची रांग आणि सशुल्क पासाची रांग निराळी असते, आणि पहिल्या रांगेत लेकरू कडेवर घेऊन तासन् तास उभ्या राहिलेल्या आयाबाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तरीही, पैसा आज नसला तरी उद्या येऊ शकतो. जन्म बदलता येत नाही.

भारतातील व्यवस्थेचे वेगळेपण येथे आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध असमानता म्हटले. केवळ वरचा आणि खालचा एवढीच विभागणी असती तर खालचे सारे एक झाले असते. परंतु येथे प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी आहे, म्हणून वरच्याचा अपमान सोसणाऱ्यालाही खालच्याचा अपमान करण्याचे समाधान मिळते. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्यांनी रोममधील प्लेबियन लोकांचे उदाहरण घेतले आहे. राजकीय हक्क मिळूनही देवतेच्या कौलामुळे प्लेबियनांना आपला खरा माणूस अधिकारावर बसविता आला नाही, हे दाखवून त्यांनी धर्माचे बळ किती असते ते सांगितले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो भाग मुळातून वाचावा.

आपल्या भाषेतही ‘ऑर्दो’सारखा एक शब्द आहे, तो म्हणजे ‘पंक्ती’. त्यावरून ‘पंगत’. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या भोजनाला कोणाला बसवावे आणि कोणाला बसवू नये यांच्या लांबलचक याद्या आहेत. ज्याच्या बसण्याने पंक्ती पवित्र होते तो पंक्तिपावन, ज्याला पंक्तीत स्थान नाही तो अपांक्तेय. आजही वर्तमानपत्रांत ‘हा विषय अपांक्तेय ठरला’ असे सहज लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण शब्द कोठून आला हे ठाऊक असलेल्याला तो वाचताना ठेच लागते.

या दोन रांगा, एक गुणांची आणि एक जन्माची, परस्परांना छेदतात तेव्हा काय होते, याची साक्ष खुद्द बाबासाहेबांच्या बालपणात आहे. सातारच्या शाळेत वर्गातील मुले आपापल्या क्रमांकानुसार बसत. भीमराव मात्र आपल्या क्रमांकाच्या जागी बसू शकत नव्हते. त्यांना एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर एकटे बसावे लागे. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदविले आहे. आपण त्यांच्या गोणपाटाविषयी मुलांना नेहमी सांगतो. क्रमांकाविषयी सांगत नाही. मला वाटते अन्यायाचे खरे टोक त्या क्रमांकात आहे. शाळेने त्यांना क्रमांक तर दिला होता, परंतु क्रमांकाची जागा दिली नव्हती. पुढे 1917 मध्ये ते परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हाही हेच घडले. कचेरीच्या क्रमाने ते अधिकारी आणि शिपाई त्यांच्या हाताखालचा. जन्माच्या क्रमाने मात्र शिपाई वरचा. म्हणून शिपाई कागद त्यांच्या टेबलावर दुरून टाकी.

आणि मागाचे काय? ज्या यंत्रावर हा शब्द जन्मला त्या मागापर्यंतही आपल्या माणसांना जाऊ दिले गेले नाही, ही गोष्ट मला हा लेख लिहिताना फार बोचली. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले लोक सूत कातण्याच्या खात्यात काम करीत. विणकाम खात्यात पगार अधिक होता, परंतु तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण असे सांगितले जाई की, धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तेव्हा एकाचे तोंड लागलेला धोटा दुसरा कसा वापरणार! 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, अस्पृश्य कामगारांचा सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत आलाच पाहिजे. कामगारांची एकजूट सांगणाऱ्या पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुशीनेच मान्य केली. विदर्भात तर आपल्या समाजातील कितीतरी घरे पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणीत आली होती. विणण्याची कला हातात होती, अडचण फक्त धोट्याला लागणाऱ्या ओठांची होती.

आता हुकमाकडे येऊ. जुन्या गावगाड्यात सरकारी हुकूम वाहून नेणारा कोण होता? महार. पाटलाचा निरोप पोहोचविणे, सरकारी टपाल पुढच्या गावी नेणे, सारा भरावयास लोकांना बोलावणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या तैनातीला उभे राहणे, ही कामे वतनाच्या नावाखाली त्याच्याकडे होती. रात्र नाही, दिवस नाही, आणि मोबदला तुटपुंजा. राज्याची आज्ञा ज्याच्या पायांनी गावोगाव फिरली, त्याला त्याच गावाच्या चावडीवर चढता येत नव्हते. मुंबई इलाख्यात 1874 च्या वतन कायद्याने ही गुलामगिरी बांधून ठेवली होती. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात तिच्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली, त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. आपल्या शाळेच्या सहलीत अजिंठा-वेरूळ असते, दीक्षाभूमी असते. कसबे तडवळे इतके जवळ असून मुलांच्या पाहण्यात अजून आलेले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपली ती 1958 च्या अधिनियमानंतर.

हुकूम आपल्या बाजूने निघाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. सरकारने त्याच वर्षी आपल्या खात्यांना तशी आज्ञा दिली. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री सारे व्यवस्थित झाले. तळ्याला मात्र कोणाचा हात लागला नाही. तो लागला 20 मार्च 1927 रोजी, जेव्हा परिषदेला आलेले लोक शिस्तीने मिरवणूक काढून तळ्यावर गेले. म्हणजे हुकूम आधीच होता. नव्हती ती फक्त रांग, आणि ती रांग लोकांनी स्वतः लावली. पाणी पिऊन परतलेल्या लोकांना मारहाण करणारे पुढे सुव्यवस्थेच्याच नावाने ओरडले, हा भाग निराळा.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले होते आणि कोणत्याही परिणामाला तयार होते. बाबासाहेबांनी मात्र न्यायालयाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला. या निर्णयावर आमच्या शिक्षक-कक्षात आजही वाद होतो. काही तरुण सहकारी विचारतात, अन्याय्य हुकूम का मानावा? माझे मत असे की, त्यांनी दोन व्यवस्था वेगळ्या ओळखल्या. न्यायालयाचा हुकूम बदलून घेता येतो, त्याविरुद्ध युक्तिवाद करता येतो. मनूच्या हुकमाविरुद्ध अपील नाही. म्हणून 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ज्या ग्रंथाने पंक्ती आखली तो जाहीरपणे जाळण्यात आला, आणि न्यायालयात खटला मात्र नेटाने लढविला गेला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मनाई हुकमापासून निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. दहा वर्षे थांबणे सोपे नसते, हेही मान्य केले पाहिजे.

एक ऑर्डर अशी आहे की जिच्याविषयी या सभागृहातील प्रत्येक पालकाला माहिती असावयास हवी. तिचे नाव संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950. राष्ट्रपतींनी तो 10 ऑगस्ट 1950 रोजी काढला. कोणत्या जाती अनुसूचित, याची यादी त्यात आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी अट होती की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. शिखांतील काही जातींना त्यात प्रथमपासून अपवाद होता आणि 1956 मध्ये सर्व शीख त्यात आले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. धम्म स्वीकारताच लाखो माणसे या यादीच्या बाहेर गेली. गावकुसाबाहेरचे घर तेथेच राहिले, विहीर तेथेच राहिली, मजुरी तीच राहिली. फक्त कागदावरची ओळ पुसली गेली.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 1960 पासून राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र राष्ट्रपतींच्या आदेशाने बांधलेले होते. 1962 च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली, कारण त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता हे सिद्ध झाले. माझ्या पिढीतील वाचकांना त्या काळातील घराघरांतील पेच आठवत असेल. राज्याच्या अर्जात एक लिहावयाचे आणि केंद्राच्या अर्जात दुसरे. वडील म्हणत, बाबासाहेबांनी दिलेला धम्म कागदावर लपवू नको. शेजारी म्हणत, नोकरी गेली तर पोरगा काय खाईल? दोघेही आपापल्या परीने खरे बोलत. अनेकांनी ‘बौद्ध’ लिहिले आणि संधी गमावली. अनेकांनी जुने नाव लिहिले आणि आयुष्यभर मनात सल बाळगला. यांतील कोणालाही दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना संसदेने कायदा करून या आदेशात बौद्धांचा समावेश केला. आदेशात एका शब्दाची भर पडावयास धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे लागली.

ज्या माजी विद्यार्थ्यांची मुले आज शाळेत जात आहेत, त्यांनी आपल्या घरातील जुने शाळा सोडल्याचे दाखले एकदा काढून पाहावेत. आजोबांच्या दाखल्यावर काय आहे, वडिलांच्या दाखल्यावर काय आहे, नावाचे स्पेलिंग जुळते की नाही. जातीचा दाखला आणि पुढे वैधता प्रमाणपत्र काढताना हीच कागदांची माळ ओवावी लागते. बारावीनंतर प्रवेशाच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा दहावीतच हे काम उरकावे. शब्दाच्या अभ्यासात हा सल्ला विषयांतर वाटेल, पण शाळेत दरवर्षी जून महिन्यात जे पाहतो त्यावरून लिहिले आहे.

संविधानात हा शब्द आणखी दोन ठिकाणी महत्त्वाच्या अर्थाने येतो. अनुच्छेद 19 आणि 25 यांत तो ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ म्हणून येतो. तेथे तो स्वातंत्र्याला मर्यादा घालतो. अनुच्छेद 38 मध्ये तो ‘समाजव्यवस्था’ म्हणून येतो. राष्ट्रीय जीवनातील सर्व संस्थांत सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय झिरपेल अशी समाजव्यवस्था निर्माण करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते अनुच्छेद सांगते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे. मराठीत आपण ‘आदेश’, ‘सुव्यवस्था’, ‘समाजव्यवस्था’ असे तीन शब्द वापरतो, आणि या बाबतीत मराठी अधिक प्रामाणिक आहे असे मला वाटते. मोर्चा निघाला की सुव्यवस्थेचे अनुच्छेद सर्वांना आठवते. 38 वे अनुच्छेद कोणाला आठवत नाही.

फ्रान्समध्ये हा झगडा एका शब्दावरच लढला गेला. 5 मे 1789 रोजी व्हर्साय येथे जुनी प्रतिनिधीसभा भरली. तिच्यात तीन ‘ऑर्द्र’ होते, धर्मगुरूंचा, सरदारांचा आणि उरलेल्या सर्व जनतेचा. प्रश्न असा आला की मते ऑर्द्रवार मोजायची की माणशी? ऑर्द्रवार मोजली तर दोन विरुद्ध एक, आणि सर्व जनता कायमची हरलेली. जनतेच्या प्रतिनिधींनी ते नाकारले आणि 17 जून रोजी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणात एक व्यक्ती एक मत आणि एक मूल्य, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा दिला. तो इशारा वर्गात शिकविताना मी व्हर्सायचा हा प्रसंग आधी सांगतो. मुलांना मग वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

आता राहिला तो अर्थ, ज्याने हा शब्द इंग्रजीत प्रथम आला. धर्मसंघ. भिक्खूंच्या संघालाही इंग्रजीत ‘ऑर्डर’ म्हणतात आणि उपसंपदेला ‘ऑर्डिनेशन’. संघात रांग होती काय? होती. विनयपिटकात चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. पहिले आसन, पहिले पाणी आणि पहिली भिक्षा कोणाला मिळावी, असे तथागतांनी भिक्खूंना विचारले. कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेल्याला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. तथागतांनी त्यांना एका वडाखाली राहणाऱ्या तित्तिर पक्ष्याची, माकडाची आणि हत्तीची गोष्ट सांगितली. त्या तिघांनी आपल्यात वडील कोण हे शोधले आणि देहाने सर्वांत लहान असलेल्या तित्तिराला मान दिला. संघातही ज्याची उपसंपदा आधी झाली तो आधी, असा नियम ठरला. याच नियमामुळे उपालीची कथा घडली. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यावयास आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली हा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा गर्व उतरेल. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद हे सारे उपालीच्या मागे बसले. रांग मोडली नाही. ती वेगळ्या मापाने लावली गेली.

हे मी नववीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुलांना फार आनंद झाला. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने अर्धेच सांगू नये म्हणून पुढचेही सांगितले. त्याच विनयात भिक्खुणींसाठी आठ नियम आहेत. त्यांतील पहिल्यानुसार शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे. हे नियम नंतर घातले गेले असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. बुद्धाच्या काळी स्त्रियांना संघाचे दार उघडणे हेच किती मोठे पाऊल होते, हे बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती आणि अवनतीविषयीच्या आपल्या लेखात मांडले आहे. तेही मी सांगितले.

तीच विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मग आपल्या भोजनगृहात मुलांची पंगत आधी आणि मुलींची नंतर का बसते?”

मला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांना विचारले. वसतिगृह सुरू झाले तेव्हा मुलीच नव्हत्या. पुढे काही मुली आल्या, जागा अपुरी होती, म्हणून त्यांची पंगत मागून बसू लागली. मग मुलींची संख्या वाढली, भोजनगृह मोठे झाले, क्रम तोच राहिला. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. शिक्षक सभेत विषय ठेवला, त्यावर अर्धा तास चर्चा झाली. एका सहकाऱ्यांनी विचारले की, एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार कशाला. दिवाळीच्या सुटीनंतर भोजनगृहाच्या दारावर नवा कागद लागला. एक आठवडा मुली आधी, एक आठवडा मुले आधी, आणि दोन्ही पंगतींत पाचवीची लेकरे पहिल्या ओळीत. कागदाच्या मथळ्याला काय लिहावे असे कारकुनांनी विचारले, तेव्हा मी ‘भोजनाचा क्रम’ असे लिहावयास सांगितले.